आमच्याकडचा बर्गर

साहित्यविषयक दिवाळी अंकात बर्गरवर लेख लिहायचा म्हणजे काही वाचकांच्या भुवया उंचावणार, हे मी गृहीतच धरले आहे. पण विषय बर्गरचा असला तरी प्रश्न टीकाशास्त्राचा आहे. ‘सर्वांत चांगला बर्गर कोठे मिळतो?’ ह्या प्रश्नावर अमेरिकेत गेली कित्येक दशके अखंड वाद चालू आहे. वृत्तपत्रांचे रकाने त्याने भरतात, त्यावर पुस्तके आणि चित्रपट निघतात, आणि प्रवासात शेजारी बसलेली दोन सभ्य माणसे त्यावरून हमरीतुमरीवर येतात. हा वाद पोरकट आहे असे म्हणून त्याची बोळवण करणे अगदी सोपे आहे. तसे करण्यापूर्वी हा वाद मुळात संभवतोच कसा, ह्याचा थोडा विचार करावा असे मला वाटते. कारण त्या विचारातून आपल्या साहित्यटीकेच्याही काही सवयी उघड्या पडतात.

खाण्यापिण्याच्या आवडीनिवडीवरून वाद घालू नये, असे शहाणी माणसे सांगत आली आहेत. कांटने १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या मीमांसाग्रंथात ह्या सांगण्याला तात्त्विक बैठक दिली. कॅनरी बेटांची मदिरा सुखद आहे असे कोणी म्हटले, तर ‘मला सुखद आहे’ अशी दुरुस्ती त्याला करून घ्यावी लागते. वस्तू सुंदर आहे असे म्हणताना मात्र तो इतरांच्याही संमतीवर हक्क सांगत असतो. सुखद आणि सुंदर ह्यांच्यामध्ये कांटने ओढलेली ही रेघ प्रसिद्धच आहे. गंमत अशी, की आपले काव्यशास्त्र ज्या शब्दावर उभे आहे तो ‘रस’ हा शब्द ही रेघ ओलांडूनच आपल्याकडे आला आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना समजावून देताना भरताने दृष्टान्त घेतला तो नाना व्यंजनांनी संस्कारलेल्या अन्नाचा, आणि ते प्रसन्न मनाने चाखणाऱ्या माणसांचा. आस्वाद, रुची, चर्वणा ही सारी मंडळी त्याच घरची. पाकशाळेकडून एवढे कर्ज काढल्यावर, पाकशाळेत मात्र विचारपूर्वक बोलण्यासारखे काही नाही असे म्हणणे मला तरी कृतघ्नपणाचे वाटते.

शिवाय, कांटचे म्हणणे बरोबर असते तर बर्गरचा वाद पहिल्या दोन वाक्यांतच संपला असता. ‘तुला तो आवडतो, मला हा आवडतो’ म्हणून दोघे उठून गेले असते. पण ते उठत नाहीत. ह्याचा अर्थ त्यांना आपली आवड केवळ जाहीर करायची नसते. ती दुसऱ्याला पटवायची असते. आणि जेथे पटवणे आले तेथे कारणे आली, आणि कारणे आली की टीका आली.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. अमेरिकेतला बर्गर म्हणजे गाईच्या मांसाच्या खिम्याची चपटी वडी, तव्यावर भाजून, दोन पावांच्या मध्ये घातलेली. पुष्कळ वाचकांना तो पदार्थ वर्ज्य असेल. मॅकडॉनल्ड ही कंपनी १९९६ साली भारतात आली ती गोमांस वगळूनच, आणि बटाट्याची टिक्की घातलेला तिचा बर्गर खाऊन मोठ्या झालेल्या पिढीला मी कशाबद्दल बोलतो आहे हे अर्धेच कळेल. पण वाद समजण्यासाठी पदार्थ खाल्लाच पाहिजे असे नाही. वादातली कारणे कोणत्या जातीची आहेत, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

ह्या वादातली विधाने ऐकत गेले की त्यांचे तीन वर्ग पडतात. ‘मला आवडतो’ हे पहिले, ‘आमच्याकडचा आहे’ हे दुसरे, आणि ‘चांगला आहे’ हे तिसरे. पहिले विधान रुचीचे, दुसरे निष्ठेचे आणि तिसरे निवाड्याचे. बोलणारा मनुष्य ह्या तिन्ही विधानांतून इतक्या सहज ये-जा करत असतो की आपण एकातून दुसऱ्यात केव्हा शिरलो हे त्यालाच कळत नाही. वादाची सारी गंमत आणि सारा गोंधळ ह्या सरमिसळीत आहे.

निष्ठेचेच उदाहरण घेऊ. टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्ती ह्या गावी १९५० साली ‘व्हॉटअबर्गर’ नावाचे दुकान निघाले. पाच इंच व्यासाचा पाव, दोन हातांत धरावा लागणारा बर्गर, आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे छप्पर ही त्याची ओळख. दुकानाची शेकडो दुकाने झाली, आणि २००१ साली टेक्सासच्या विधिमंडळाने त्याला राज्याचे भूषण म्हणून गौरविले. पुढे २०१९ साली कंपनीचा मोठा हिस्सा शिकागोच्या एका भांडवलदार पेढीने विकत घेतला, तेव्हा टेक्सासमध्ये जो हलकल्लोळ झाला तो एखादा किल्ला शत्रूच्या हाती गेल्यासारखा होता. त्या दिवशी पावाची चव बदललेली नव्हती. बदलला होता तो ‘आमच्याकडचा’ ह्या शब्दाचा अर्थ. निष्ठेला जिभेपेक्षा मालकी हक्काची जास्त चाड असते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

म्हणून निष्ठा ही टीकेची शत्रू आहे असे म्हणावे काय? तसे मला वाटत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात १९४८ ह्या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. सॅन बर्नार्डिनो येथे मॅकडॉनल्ड बंधूंनी आपले चालते हॉटेल बंद करून त्याची कारखान्यासारखी फेरमांडणी केली. आणि तिथून फार दूर नसलेल्या बाल्डविन पार्क येथे स्नायडर पतिपत्नींनी ‘इन-एन-आउट’ हे छोटे दुकान उघडले. पहिल्या दुकानाचे तत्त्व असे ठरले की कोठेही गेले तरी तोच पदार्थ, तसाच मिळावा. दुसऱ्याने आपली नावपट्टी कोणाला भाड्याने दिली नाही, मांस गोठवून ठेवले नाही, आणि ताजा माल जेथवर पोचेल तेथवरच दुकाने काढली. त्यामुळे दीर्घकाळ ते अमेरिकेच्या पश्चिम भागातच राहिले, आणि टेक्सासमध्ये पोचायला त्याला २०११ साल उजाडले. आता पाहा, मॅकडॉनल्डचा बर्गर जगातला श्रेष्ठ बर्गर आहे की नाही ह्यावर कोणी घसा कोरडा करत नाही. तो सर्वत्र असल्यामुळे कोणाचाच नाही. ‘इन-एन-आउट’वर मात्र कॅलिफोर्नियाचा मनुष्य टेक्सासच्या माणसाशी रात्र रात्र भांडतो. वाद होण्यासाठी वस्तूला ठावठिकाणा असावा लागतो. निष्ठा निवाडा देऊ शकत नाही हे खरे. पण निवाडा द्यावा असे काही शिल्लक राहते ते निष्ठेमुळेच.

कॅल्व्हिन ट्रिलिन हा अमेरिकन लेखक ह्या बाबतीत मला फार शहाणा वाटतो. १९७४ साली निघालेल्या ‘अमेरिकन फ्राइड’ ह्या पुस्तकात आपल्या कॅन्सस सिटी ह्या गावातले खाणे जगात श्रेष्ठ असल्याचे त्याने बिनदिक्कत ठोकून दिले. हे विधान अक्षरशः खरे मानण्याइतका तो भोळा नाही, आणि त्याचा वाचकही नाही. परंतु त्या काळी अमेरिकेत बड्या शहरांतून फ्रेंच नावाची उंची हॉटेले म्हणजेच उत्तम खाणे, असा समज रूढ होता. त्या समजाविरुद्ध गावच्या खाण्याची बाजू हट्टाने मांडायची तर थोडी अतिशयोक्ती आवश्यकच होती. टीकाकाराची निष्ठा अशी उघड, आणि स्वतःकडे हसून पाहणारी असली म्हणजे ती वाचकाला फसवत नाही.

आता तिसऱ्या विधानाकडे, म्हणजे ‘चांगला आहे’ ह्या निवाड्याकडे वळू. येथे प्रादेशिक बर्गर ही काय चीज आहे ते नीट पाहावे लागते. ओक्लाहोमातल्या एल रीनो ह्या गावी कांद्याचा बर्गर मिळतो. १९२० नंतरच्या दशकात तो तिथे रूढ झाला, आणि पुढच्या महामंदीत त्याचा फार प्रसार झाला. मांस महाग आणि कांदा स्वस्त, म्हणून खिम्याच्या गोळ्यावर कागदासारखा पातळ चिरलेला कांदा मूठभर घालायचा आणि उलथन्याने तो तव्यावर जोर देऊन दाबायचा. कांदा मांसात शिरतो, तव्याला लागतो, तांबूस आणि गोडसर होतो. मिसिसिपीतल्या कॉरिंथ गावी हेच दुर्भिक्ष वेगळ्या रीतीने सोडवले गेले. तिथे मांसात पीठ मिसळून वडी तेलात तळतात आणि तिला ‘स्लगबर्गर’ म्हणतात. ‘स्लग’ म्हणजे बोलीभाषेत पाच सेंटांचे नाणे, आणि त्या किमतीला तो मिळे म्हणून हे नाव पडले असे सांगतात. न्यू मेक्सिकोत भाजलेली हिरवी मिरची चिरून चीजबरोबर वर घालतात; मिरची तिथल्या शेतांतली आणि तिथल्या जिभेची. कनेटिकटमधल्या न्यू हेवन येथील ‘लुईज लंच’ हे १८९५ साली सुरू झालेले दुकान तर पावही वापरत नाही. भाजलेल्या साध्या ब्रेडच्या दोन कापांमध्ये, बिडाच्या उभ्या जुन्या भट्टीत शेकलेले मांस. वर चीज, कांदा आणि टोमॅटो. केचप मागितला तर मिळत नाही.

ह्या सर्वांना एका पट्टीने मोजून क्रमांक लावायचे ठरवले तर काय होईल? न्यू हेवनच्या बर्गरमध्ये रसाळपणा वाढवणारे काही वरून घातलेले नाही म्हणून त्याचे गुण जातील. कॉरिंथचा तर मांस कमी म्हणून आरंभीच बाद होईल. हा न्याय म्हणजे ओवीत वृत्ताचे गण मोजून ती सदोष ठरवण्यासारखा आहे. प्रत्येक पदार्थ एका अडचणीला दिलेले उत्तर असतो, आणि ती अडचण काय होती हे ज्याने विचारले नाही त्याला उत्तर बरोबर की चूक हे सांगण्याचा अधिकार नाही. आपल्याकडे प्रादेशिक कादंबरीवर बोलताना ‘बोलीमुळे वाचनात अडथळा येतो’ असे म्हणणारे टीकाकार केचप मागणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा फार वेगळे नसतात.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘मग ज्याचे त्याच्या घरी सगळेच श्रेष्ठ! निवाड्याला जागा उरली कोठे?’ आक्षेप मोलाचा आहे, आणि त्याला उत्तर ह्यूमकडून घ्यावे लागेल. १७५७ साली प्रसिद्ध झालेल्या रुचीविषयक निबंधात त्याने दोन किहोटेमधली एक गोष्ट सांगितली आहे. सांचोचे दोन नातलग पिंपातली मदिरा चाखतात. एक म्हणतो, मदिरा उत्तम, पण चामड्याचा किंचित वास येतो. दुसरा म्हणतो, उत्तम, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे केल्यावर तळाशी निघते एक किल्ली, चामड्याची वादी बांधलेली! तेव्हा जिभेला जे कळते ते वस्तूत असू शकते. रुची म्हणजे केवळ लहर नव्हे.

एल रीनोत कांद्याचा बर्गर करणारी एकाहून अधिक जुनी दुकाने आहेत, आणि त्यांच्यातला फरक गावकऱ्यांना कळतो. कांदा किती पातळ चिरला, तो मांस कच्चे असताना दाबला की मागाहून टाकला, त्याच्या कडा तव्याला लागून खरपूस झाल्या की तो नुसताच वाफेवर मऊ पडला, ही कारणे ते देतात. ही कारणे वस्तूत दाखवता येतात, आणि ती पिंपातल्या किल्लीच्या जातीची आहेत. मांस वाचवण्यासाठी कांदा घातला आणि तो कच्चाच राहिला, तर तो बर्गर त्याच्या स्वतःच्या कसोटीवर फसला. कसोटी प्रदेशाच्या आत असते, म्हणून ती सैल असते असे नाही. बाहेरच्या कसोटीपेक्षा ती बहुधा कडकच असते.

मिनिआपोलिसचा दाखला ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तिथे ‘ज्यूसी लूसी’ नावाचा बर्गर करतात. खिम्याच्या दोन वड्यांच्या पोटात चीज घालून कडा मिटवून टाकतात, मग भाजतात. आतले चीज वितळून उकळत राहते आणि उतावळ्या माणसाची जीभ पोळते. सीडर अॅव्हेन्यू ह्या एकाच रस्त्यावर ‘मॅट्स बार’ आणि ‘फाइव्ह-एट क्लब’ अशी दोन ठिकाणे आहेत, आणि तो पदार्थ मूळचा आपला, असे दोघांचेही म्हणणे आहे. मॅट्समध्ये नावातला ‘आय’ गाळून स्पेलिंग लिहितात आणि ते चुकीचे स्पेलिंगच आपल्या अस्सलपणाची खूण मानतात. मी त्या शहरात असताना दोन गृहस्थांचा ह्यावरचा वाद ऐकत बसलो होतो. आरंभी कोण पहिला ह्यावर बराच वेळ गेला. पण तासाभराने बोलणे वडीच्या कडा नीट मिटतात की नाही, चीज बाहेर गळून तव्यावर जळते की आतच राहते, ह्यावर आले. पहिला तास इतिहासाचा आणि अभिमानाचा होता. खरी टीका त्यानंतर सुरू झाली. आणि तिने दोघांपैकी कोणाचाही पक्ष बदलला नाही, तरी दोघांनाही आपापल्या बर्गरविषयी पूर्वीपेक्षा जास्त कळले, हे त्यांच्या चेहऱ्यांवर मला दिसत होते.

म्हणजे वादाचे फळ निकालात नसते, तर लक्ष देण्यात असते. नेमकी हीच गोष्ट क्रमवारी लावणाऱ्या टीकेत हरवते. डंकन हाइन्स नावाचा छपाईच्या धंद्यातला एक फिरता विक्रेता होता. रस्त्याने जाता-येता जेथे चांगले जेवायला मिळे त्या ठिकाणांची त्याने यादी केली आणि १९३६ साली तिचे पुस्तक काढले. त्या पुस्तकाचा सूर असा होता, की ह्या वाटेने गेलात तर येथे थांबा. ह्या यादीत कोणी पहिला नव्हता आणि कोणी शेवटचा नव्हता. वाटसरूला वाटसरूने केलेली ती शिफारस होती. आजच्या याद्यांचा सूर निराळा आहे. त्या सांगतात, की हा पहिला, हा दुसरा, आणि पहिला खाल्लात की बाकीच्यांचे काही कारण नाही.

ह्या सुराचा परिणाम कोठवर जातो ते ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात दिसले. केव्हिन अलेक्झांडर ह्या टीकाकाराने तीस शहरांत हिंडून ३३० बर्गर खाल्ले आणि २०१७ साली सर्व अमेरिकेत पहिला क्रमांक दिला तो तिथल्या ‘स्टॅनिच’ ह्या, १९४९ पासून चाललेल्या साध्याशा दुकानाला. दुसऱ्या दिवसापासून रांगा लागल्या. दूरदूरच्या गावांहून लोक आले. त्यांना त्या गल्लीशी, त्या भिंतीवरच्या खेळांच्या पताकांशी काही देणेघेणे नव्हते, त्यांना पहिला क्रमांक खायचा होता. रोजच्या गिऱ्हाइकांना जागा मिळेना. २०१८ च्या आरंभी दुकान बंद पडले. बंद पडण्यास इतरही कारणे होती असे मागाहून पुढे आले, तेव्हा सारा दोष यादीच्या माथी मारणे योग्य होणार नाही. पण त्या टीकाकाराने स्वतःच पुढे जाहीर लेख लिहून आपल्या निवाड्याची जबाबदारी तपासून पाहिली, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्या शब्दाने वस्तूचे काय होते, हा प्रश्न विचारणारे टीकाकार कोणत्याच क्षेत्रात फारसे आढळत नाहीत.

ह्यात दोष स्तुतीचा नव्हता. दोष होता तो ठावठिकाणा काढून घेण्याचा. गल्लीतले दुकान गल्लीसाठी चांगले होते. ‘अमेरिकेत पहिले’ म्हणताच ते कोणाचेही झाले, म्हणजे आधी ज्यांचे होते त्यांचे राहिले नाही.

आपल्या मिसळीचा वाद ह्याच जातीचा आहे, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातला सर्वांत चवदार शाकाहारी पदार्थ म्हणून बक्षीस मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण त्या बक्षिसाने कोल्हापूर, पुणे आणि नाशिक ह्यांच्यातला वाद मिटला असे म्हणणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. तो मिटू नये हेच बरे. कोल्हापूरचा मनुष्य ‘कट’ म्हणतो, नाशिककडचा ‘तर्री’ म्हणतो, पुणेकर ‘सॅम्पल’ मागतो. पोहे घालावेत की नाही, बरोबर पाव असावा की ब्रेड, दही हा आधार की कबुली, ह्यावर प्रत्येकाचे ठाम मत आहे. ही सारी शब्दसंपत्ती वादानेच जतन केली आहे. ‘एक नंबर’ हा शब्द मात्र सगळीकडे सारखाच आहे, आणि त्यातून मिसळीविषयी काहीही कळत नाही.

दरवर्षी ह्याच सुमारास आपल्या वृत्तपत्रांतून आणि मासिकांतून वर्षातल्या दहा श्रेष्ठ पुस्तकांच्या याद्या येऊ लागतात. त्या वाचताना मला पोर्टलंडच्या त्या दुकानाची आठवण होते. मालवणीत लिहिलेली कादंबरी, नागपुरातल्या एका वस्तीची आत्मकथा आणि मुंबईतल्या कवीचा संग्रह ह्यांना सात, चार आणि एक असे क्रमांक दिल्याने वाचकाच्या हाती काय पडते? पुस्तक कोठून आले, कोणत्या अडचणीला ते उत्तर देते, आणि त्या उत्तरात कांदा कोठे कच्चा राहिला, एवढे टीकाकाराने सांगावे. त्याने आपली निष्ठाही उघड करावी. ‘हे आमच्याकडचे आहे’ असे म्हणायला लाजू नये, आणि तेवढ्याने ते चांगले ठरते असेही समजू नये. मग वाचक त्याच्याशी खुशाल भांडो. भांडण्यासाठी त्याला ते पुस्तक उघडून पुन्हा वाचावे लागेल, आणि टीकेने याहून अधिक काही साधावे अशी माझी अपेक्षा नाही.